धुक्यात चारी इंडिकेटर

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या दाजींचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या गावात शाळा दहावीपर्यंतच होती. दहावीचा निकाल लागला तेव्हा वडिलांनी मला स्वतःबरोबर वीटभट्टीवर न्यायचं ठरवलं होतं. त्याच आठवड्यात दाजी आपला टेम्पो घेऊन दारात आले, माझी पत्र्याची पेटी मागच्या हौद्यात टाकली आणि वडिलांना म्हणाले, "मामा, ह्यो माझ्याकडं ऱ्हाईल. शिकू द्या किती शिकतोय ते."

तासगावात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यात ते, ताई, त्यांची दोन मुलं आणि मी. मेव्हण्याला इतकी वर्षं घरात ठेवून घेतलं म्हणून त्यांना भावकीत काय काय ऐकावं लागलं, ते मला फार उशिरा कळलं. मी इंजिनिअर झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. आज मी दुबईजवळच्या रास अल खैमात टाइल्सच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतो.

या सगळ्या वर्षांत मी दाजींना कधी 'नाही' म्हणालो नव्हतो. भीती म्हणून नव्हे. ते म्हणाले 'जेव', की मी जेवलेला असलो तरी पुन्हा ताटावर बसायचो. त्यांच्यासमोर 'नाही' हा शब्दच मला सुचत नसे. माझी बायको पुण्याची. ती चिडवते, "उद्या दाजी म्हणाले की सूर्य उत्तरेला उगवतो, तर हे उत्तरेच्या भिंतीला खिडकी पाडतील." मी हसायचो. त्यात हसण्यासारखं काही नाही, हे मला गेल्या हिवाळ्यात समजलं.

गाडी चालवायला मला दाजींनीच शिकवलं. रविवारी बाजार समितीचं आवार रिकामं असायचं, तिथे. बसल्याबसल्या आधी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचा. मग त्यांचे नियम सुरू व्हायचे. वळण आलं की हॉर्न. माणूस दिसला की हॉर्न. उतार लागला की न्यूट्रल, डिझेल वाचतं. चौकात सरळ जायचं असेल तर चारी इंडिकेटर लावायचे, म्हणजे डावीकडच्याला आणि उजवीकडच्याला दोघांनाही कळतं. पावसात आणि धुक्यातही चारी इंडिकेटर. "गाडी चालवणं म्हंजे दुसरं काय न्हाई," ते म्हणायचे, "आपण हाय, हे समद्यांस्नी कळवत ऱ्हायचं." मला ते फार शहाणपणाचं वाटायचं. अजूनही त्यातला अर्धा भाग तसा वाटतो.

इथे आलो त्या आठवड्यात मला पहिला धक्का बसला तो गाडीत नव्हे, पायी चालताना. कारखान्यासमोरचा रस्ता ओलांडायला मी पांढऱ्या पट्ट्यांपाशी उभा होतो. एक भली मोठी गाडी माझ्यासमोर येऊन थांबली. मला वाटलं, चालकाला पत्ता विचारायचा असेल. मी वाकून काचेजवळ गेलो. आत कंदुरा, म्हणजे अरबांचा पांढरा पायघोळ झगा, घातलेला एक तरुण होता. त्याने काच खाली केली आणि हात पुढे करून म्हणाला, "यल्ला, गो!" तो माझ्यासाठी थांबला होता. मी पळतच रस्ता ओलांडला आणि पलीकडे जाऊन उगाच त्याला नमस्कार केला. वयाची पंचविशी उलटेपर्यंत माझ्यासाठी कधी कुठली गाडी थांबली नव्हती.

नोकरीत बढती हवी तर गाडी चालवता यायला हवी होती, कारण नमुने घेऊन गोदामांत फिरावं लागे. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. माझा शिक्षक पेशावरकडचा होता, दाढीला मेंदी लावणारा. पहिल्या दिवशी मी सवयीने उजव्या दाराशी गेलो, तर तिथे तोच बसलेला. "इंजिनिअर साब, गाडी मैं चलाऊँगा या आप?" इथे रहदारी उजवीकडून, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. मी वळसा घालून आलो, बसलो, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. त्याने ते पाहिलं. मग म्हणाला, "दुआ ठीक है. अब बेल्ट."

मी चांगला चालक आहे, अशी माझी समजूत होती. पहिल्याच तासाला ती मोडली. मी गोल चौकाजवळ हॉर्न वाजवला, तर शिक्षकाने दचकून मागे पाहिलं. "क्या हुआ? कौन मर रहा है?" मी म्हटलं, कुणी नाही, सांगितलं फक्त की मी येतोय. तो म्हणाला, "हबीबी, यहाँ हॉर्न गाली है."

नियमांच्या वर्गात तर आम्हा सगळ्यांचीच शोभा झाली. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं की चारी इंडिकेटर कधी लावायचे. वर्गात आठ-दहा भारतीय होतो. आम्ही एका सुरात उत्तर दिलं, "सरळ जायचं असेल तेव्हा!" बाईंना आधी वाटलं, आम्ही चेष्टा करतोय. मग त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "चारी दिवे लागले याचा अर्थ एकच. ही गाडी उभी आहे, बंद पडली आहे. धुक्यात चालत्या गाडीने ते लावले तर मागचा तुम्हाला उभं समजेल. शिवाय तुम्ही वळायला निघालात तरी त्याला कळणार नाही, कारण दोन्ही बाजू आधीच लुकलुकत असतील." मला अगदी चपराक बसल्यासारखं झालं. इतकी साधी गोष्ट माझ्या कधी लक्षात कशी आली नाही? परीक्षेत हाच प्रश्न आला. मी बरोबर उत्तर दिलं.

रस्त्यावरच्या परीक्षेत मात्र दोनदा नापास झालो. एकदा हॉर्न वाजवल्याबद्दल. दुसऱ्यांदा मी पट्ट्यांपाशी उभ्या असलेल्या एका बाईला हाताने 'थांबा' केलं आणि पुढे गेलो, त्याबद्दल. परीक्षक पोलीस होता. त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली, चिडलाही नाही, फक्त म्हणाला, "खलास." तिसऱ्या खेपेला पास झालो. तासगावला फोन केला. दाजी म्हणाले, "पाव्हणं, आता आमाला फिरवा की दुबईत."

आमची मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा दाजी आणि ताई आले. दोघांचाही विमानाचा पहिला प्रवास. विमानतळावरून घरी येतानाच वाद सुरू झाला. मागच्या सीटवर मुलीची छोटी खुर्ची पट्ट्यांनी बांधलेली होती. ती पाहून ताईचा चेहरा पडला.

"लेकराला असं आवळून घालतासा? दे माझ्याकडं."

"ताई, इथे कायदाच आहे," बायको म्हणाली.

"आत्याची मांडी काय कायद्याच्या भाईर हाय व्हय?"

बायको हसली, पण तिने पट्टे सोडले नाहीत. मी आरशात पाहत गाडी चालवत राहिलो. तो वाद बायकोने एकटीने जिंकला.

पुढे आठवडाभर दाजी माझ्या शेजारी बसून माझं चालवणं तपासत होते. "हॉर्न खराब झालाय का?" "उतारावर गिअरात कशाला ठेवतोस?" "त्यो एवढा जवळ आला, दिवे मारले, आन् तू गुमान बाजूला सरलास?" मी इथली रीत समजावून सांगायचो. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "असंल. पर रस्ता हितनं तितनं सारखाच." मला हे बोलणं आवडायचं. बाजार समितीच्या आवारातला तो रविवार परत आल्यासारखा वाटायचा.

ताईला भाचीसाठी चांदीचे वाळे घ्यायचे होते. ते आत्यानेच घ्यायचे असतात, आणि तिला ते दुबईच्या 'बर दुबई' भागातल्या मीना बाजारातून हवे होते, कारण तिच्या शेजारणीच्या मुलाने तिथून काहीतरी आणलं होतं. म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही लवकर निघालो. रास अल खैमा सोडलं तोवर ऊन होतं. मग मोठ्या हायवेवर, उघड्या वाळवंटाच्या पट्ट्यात, समोर एक पांढरी भिंत उभी राहिलेली दिसली. आम्ही तिच्यात शिरलो आणि बाहेरचं सगळं नाहीसं झालं.

इथलं हिवाळ्यातलं धुकं गावाकडच्यासारखं नसतं. गावाकडे धुक्यात निदान झाडं असतात. इथे बॉनेटच्या पुढे काहीच नव्हतं. मी वेग कमी केला, हेडलाइट खालच्या झोतावर केले, मागचा धुक्याचा लाल दिवा लावला. 

"पाव्हणं," दाजी म्हणाले, "चारी लावा की."

मी म्हटलं, "दाजी, इथे ते..."

"आरं, मागच्याला दिसाय नको व्हय? लेकरू हाय गाडीत. लाव."

मागून बायको म्हणाली, "अहो, नको. तुम्हीच मला सांगितलं होतंत."

सांगितलं होतं. पाठ होतं मला. वर्गातल्या बाईंचा आवाज, ते खाली ठेवलेलं पेन, परीक्षेतला प्रश्न, सगळं डोळ्यांसमोर होतं. आणि शेजारी दाजी होते. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी ते लाल त्रिकोणाचं बटण दाबलं. टिक-टिक-टिक असा आवाज सुरू झाला. दाजी सैल होऊन मागे टेकले. "हां. आता कसं."

मी उजवीकडून दुसऱ्या लेनमध्ये होतो. थोडं पुढे पेट्रोल पंपाची पाटी अचानक अंगावर आल्यासारखी दिसली. धुकं उठेपर्यंत तिथे थांबावं असं मी म्हटलं. सगळ्यांना पटलं. मी उजवीकडचा इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, आरशात पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. मी हळूच उजवीकडे सरकलो.

पुढचं मला आवाजांमध्ये आठवतं. ब्रेकची एक लांब किंकाळी. माझ्या दाराच्या पलीकडच्या बाजूला, दाजींच्या खांद्यापाशी, काहीतरी फाटकन फुटलं. तो आमचा आरसा होता. एक पांढरी पिकअप आम्हाला खरवडून, रस्ता सोडून, वाळूत उतरताना दिसली न दिसली आणि नाहीशी झाली. मग तारेच्या कुंपणाचा झणझणाट. उंट रस्त्यावर येऊ नयेत म्हणून बांधलेलं ते कुंपण असतं. 

मी गाडी कडेच्या पट्टीवर घेऊन थांबवली. मागे वळून पाहिलं. मुलगी खुर्चीत टक्क जागी होती आणि रडत नव्हती. ताईचे दोन्ही हात तिच्याकडे पसरलेले होते आणि तसेच राहिले होते.

आणि तेव्हा धुक्यातून निळ्या बाटल्या यायला लागल्या. घरोघरी देतात त्या पाण्याच्या मोठ्या बाटल्या. पिकअपमधून उडालेल्या. एक घरंगळत आमच्या चाकाला येऊन लागली. दुसरी रस्त्याच्या मधोमध जाऊन थांबली. मागून येणारा कुणी तिच्यावर आला तर, या विचाराने मी सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं. बायकोने मुलीला आणि ताईला कुंपणाकडे, रस्त्यापासून लांब नेलं. मी डिकीतला इशाऱ्याचा लाल त्रिकोण काढून मागे ठेवायला गेलो. दाजीही उतरले होते. ते वाकून, इकडेतिकडे हात फिरवत, काहीतरी शोधत होते. मला आधी समजेना. मग कळलं. ते दगड शोधत होते. आणि झाडाची फांदी. आमच्याकडे गाडी बंद पडली की मागे दगड मांडतात, त्यात फांदी खोचतात. तिथे वाळूशिवाय काही नव्हतं. ते हाताने वाळूच चाचपत होते. मी त्यांना हात धरून बाजूला घेतलं.

पिकअपचा चालक चालत आमच्याकडे आला. चाळिशीचा, पठाणी सलवार-कमीज घातलेला. एक मनगट दुसऱ्या हाताने धरलेलं. तो शिव्या देईल असं मला वाटलं. मी तयार होतो. पण तो नुसता माझ्याकडे पाहत राहिला. भूत पाहावं तसा.

"भाईजान," तो म्हणाला, "आप तो खड़े थे. खड़ी गाड़ी चल कैसे पड़ी?"

 त्याने धुक्यात लुकलुकणारे दिवे पाहिले होते, बंद पडलेली गाडी समजून उजवीकडून वळसा घातला होता, आणि ती बंद पडलेली गाडी त्याच्या वाटेत सरकली होती. बाईंनी वर्गात सांगितलं होतं, शब्दन् शब्द तसंच घडलं होतं.

पोलीस आले. तरुण अधिकाऱ्याने पाहणी केली, आणि आमच्या गाडीचे चारी दिवे अजून लुकलुकत होते ते पाहून विचारलं, "हे थांबल्यावर लावले की आधी?" मी म्हटलं, आधी. "का?" मी म्हटलं, "चूक माझी." त्याने तशीच नोंद केली. चालकाच्या मनगटाला मुका मार होता, असं दुसऱ्या दिवशी फोन केल्यावर कळलं. त्या सकाळी मात्र ते तुटलंय असंच आम्ही धरून चाललो होतो.

धुकं उठल्यावर आम्ही त्या पेट्रोल पंपावर गेलो. ताई आणि बायको मुलीला घेऊन आत बसल्या. मी दाजींसाठी कडक चहा आणला. त्यांनी तो हातात घेतला, पण प्यायले नाहीत. त्यांना हिंदी कळतं. त्या चालकाचं वाक्य त्यांना कळलं होतं.

"तुला ठाऊक हुतं?" त्यांनी विचारलं.

"काय, दाजी?"

"चारी लावायचं न्हाई, हे. ठाऊक हुतं का न्हवतं?"

"होतं."

"नक्की?"

"परीक्षेत आलं होतं."

मला वाटलं होतं, ते स्वतःला दोष देतील आणि मी त्यांची समजूत घालीन. शब्द तयार होते माझ्याकडे. पण दाजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. अपघाताच्या वेळीही ते इतके हादरलेले दिसले नव्हते.

"ठाऊक असून लावलंस? मी म्हनलो म्हनून?"

मी होकारार्थी मान हलवली.

"पोरगी मागं बसलेली. तुझी पोरगी." त्यांनी चहाचा पेला गाडीच्या टपावर ठेवला. "आरं, मी सातवी शिकलेला मानूस. मला जेवढं ठाऊक तेवढं मी बोलणार. तुला शिकवलं कशाला मग? माझं ऐकाय? माझं ऐकाय माझा क्लीनर हाय की!"

तसेच आम्ही पुढे निघालो. मीना बाजारात गेलो, वाळे घेतले, ताईने ते भाचीच्या पायांत घातले. दाजी दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. त्यांना खाडीवरच्या लाकडी होडीत बसायचं होतं, तेही ते नको म्हणाले. परतताना ते मागे बसले. माझ्या शेजारी बायको येऊन बसली. पुढचे चार-पाच दिवस ते माझ्याशी गरजेपुरतं बोलले आणि मग गेले.

तासगावला पोचल्यावर त्यांनी ताईकरवी फोनवर निरोप दिला, "गाडी इकून टाक म्हनावं." मी गाडी चालवणं तसंही बंद केलं होतं. कारखान्याच्या बसने जात होतो. गोदामांचं काम दुसऱ्याकडे सोपवायची वेळ आली होती. विकावी, असंच मनात होतं. दाजींनी सांगितलं आहे, आणखी काय हवं? जाहिरात टाकायला मोबाइल हातात घेतला आणि तो तसाच धरून बसलो. मी पुन्हा तेच करत होतो.

फोनवर बोलणं शक्य नव्हतं. तासगावच्या घरात फोन नेहमी स्पीकरवर असतो. म्हणून इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर असताना लिहायचो तसं पत्र लिहिलं, मोठ्या अक्षरात, दाजींना सावकाश वाचता येईल असं. सांगलीला सुट्टीवर जाणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर ते पाठवलं.

"दाजी,

हे पत्र एकट्याने वाचा. ताईला नंतर वाचून दाखवा, हवं तर.

गाडी विकून टाक, असा तुमचा निरोप मिळाला. दाजी, नाही. मी गाडी विकणार नाही.

हे वाक्य लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तुम्हाला राग येईल याची भीती नव्हती. तुम्ही मला टेम्पोत घालून आणलं नसतं तर आज मी कुठे असतो, हे मला रोज आठवतं. तुम्ही सांगाल ते करायचं, म्हणजे त्याची जाणीव ठेवली, असं मी धरून चाललो होतो. पंपावर तुम्ही जे बोललात, त्यानंतर मला झोप लागत नाही. तुम्ही मला शिकवलं ते मला चार गोष्टी तुमच्याहून जास्त कळाव्यात म्हणून. त्या कळल्यावर तुम्हाला सांगायच्याच नाहीत, तर तुमचे कष्ट वाया घालवल्यासारखंच झालं की.

म्हणून आता सांगतो. तुम्हीही धुक्यात चारी लावू नका. घाटातही नको, चौकात सरळ जातानाही नको. खालचा झोत ठेवा आणि हळू चला, फारच दाटलं तर रस्ता सोडून थांबा, आणि थांबल्यावर लावा. उतारावर न्यूट्रल करू नका, ब्रेक तापतात. डिझेल जळू दे. बेल्ट लावा. तुम्ही म्हणाल, गाडी माझी, घाट माझा. असू दे. तरी सांगतोय.

त्या भाईंचं मनगट बरं आहे. मी दोनदा जाऊन भेटलो. त्यांनी चहा पाजला. आरसा नवीन बसवला आहे.

शनिवारपासून मी पुन्हा गाडी काढली. आधी एकटाच गेलो, मग मुलीला घेऊन. बसल्यावर स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावतो. ती तुमची सवय मी सोडलेली नाही, सोडणार नाही.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही दोघं या. होडीत बसायचं राहिलं आहे. गाडीत तुम्ही माझ्या शेजारीच बसायचं, मागे नाही. जे वाटेल ते सांगा. पटलं तर करीन.

हे वाचून झालं की शिव्या द्यायला फोन करा. गाडी चालवत असलो तर उचलणार नाही. थांबल्यावर लगेच करीन.

तुमचा मेव्हणा"